सोलापूरहून बायको आणण्याचे कायदेशीर मार्ग

माझी बायको परदेशी आहे असं मी म्हटलं की नातवंडं हसतात. आजी सोलापूरची, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. हैदराबादेत दिलसुखनगरहून सकाळची बस धरली तर दुपारच्या जेवणाला माणूस सोलापुरात पोचतो, मग परदेश कुठला? माझी थोरली नात सध्या नवऱ्याकडे अमेरिकेला जायच्या खटपटीत आहे. तिच्या फॉर्मांची चळत जेवणाच्या टेबलावर पडलेली असते. त्यातल्या एका कागदात, तुमचं लग्न खरं आहे याचे पुरावे जोडा, असं म्हटलंय. ते वाचून पोरगी संतापली. मला काही संताप आला नाही, कारण मी स्वतः आयुष्यभर लोकांकडे असलेच कागद मागत आलो. तिला म्हटलं, बाई, तुझ्या आजीला आणायला मलाही हेच करावं लागलं होतं. तिनं विचारलं, मग आणलंत कसं? याचं खरं उत्तर मी घरात कधी दिलेलं नाही. आजी स्वयंपाकघरातच होती, आणि हल्ली तिला कमी ऐकू येत असलं तरी जे ऐकू नये ते बरोबर येतं. म्हणून बोलण्यापेक्षा लिहून काढतो.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी मी चोवीस वर्षांचा होतो आणि आमचं हैदराबाद संस्थान त्या देशात नव्हतं. आमचं टपाल वेगळं, नाणं वेगळं, रेल्वे वेगळी, आणि सरहद्दीवर करोडगिरीचा नाका, म्हणजे आजच्या भाषेत कस्टम. आमचं घराणं तीन पिढ्या सरकारी नोकरीतलं. वडील मी शाळेत असतानाच गेले. आईला स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण तिनं मला उर्दू शाळेत शिकवलं आणि ओळखीपाळखीनं नोकरीला चिकटवलं. मी ज्या दफ्तरात कारकून होतो तिथं मुलकी दाखले निघत. मुलकी म्हणजे संस्थानचा माणूस, बाकी सगळे गैरमुलकी. सरकारी नोकरी हवी असेल तर मुलकी असल्याचा दाखला लागे. त्या नियमांतला एक नियम फार सोपा होता: मुलकी माणसाची बायको ती मुलकी, मग ती कुठलीही असो. हा नियम मी किती अर्जांवर लिहिला असेल त्याला गणती नाही, आणि त्यावर विचार एकदाही केला नाही.

त्या वर्षी मार्गशीर्षात माझं लग्न झालं. मुलगी सोलापूरच्या शाळामास्तरांची, सातवी पास, अक्षर मोत्यासारखं. हिंदुस्थान आणि आमचं संस्थान या दोन सरकारांत नुकताच जैसे थे करार झाला होता. जैसे थे म्हटल्यावर निदान वर्षभर तरी सगळं जैसे थे राहील, असं आमच्या घरात सगळे सरळ धरून चालले. सरकारी नोकरांचं घर, लिहिलेल्या शब्दावर आमचा भारी विश्वास. वऱ्हाड रेल्वेनं गेलं, लग्न लागलं, आणि आम्ही नवरी घेऊन नारायणगुड्याच्या आमच्या दोन खोल्यांत परत आलो. लग्नात आमच्या रीतीप्रमाणे तिचं माहेरचं नाव बदललं आणि ताटातल्या तांदळात मी अंगठीनं नवं नाव लिहिलं. हे नाव आईनं निवडलेलं होतं.

सात महिने आम्ही एकत्र राहिलो. ते महिने मला आजही चांगले आठवतात, आणि का ते सांगायला मी लाजत नाही. मला ती फार आवडायची. आमची हैदराबादी मराठी ऐकून ती तोंडाला पदर लावून हसायची. मी हो म्हणायच्या जागी हौ म्हटलं की ती मुद्दाम पुन्हा विचारायची, म्हणजे मी पुन्हा हौ म्हणावं. कोठीला बाजारात गेलो की भाजीवाल्याशी दखनीत बोलायचा तिचा हट्ट. तिची दखनी ऐकून भाजीवाले इतके खूश व्हायचे की कोथिंबीर फुकट घालायचे. दुपारी ती आईला वर्तमानपत्र वाचून दाखवायची. माझ्या आईला ती आमच्याकडच्या रीतीनं आत्याबाई म्हणे. आत्याबाई शेंगा सोलत ऐकायच्या आणि मधेच, हे खोटं आहे, असं म्हणून पुढचं वाच म्हणायच्या. बाहेर दिवस वाईट होत चालले होते. सरहद्दीच्या गावांतून लोक घरं सोडून पलीकडे जात होते. पण आमच्या दोन खोल्यांत त्या सात महिन्यांत भांडण म्हणून झालं नाही.

मग आषाढ जवळ आला. लग्नानंतरच्या पहिल्या आषाढात सून माहेरी जाते, सासू-सुनेनं त्या महिन्यात एका छपराखाली राहू नये, ही रीत आमच्यातही आहे. पण इतर मराठी मुलखात ती चार दिवस पाळून सोडून देतात. हैदराबादेत तसं चालत नाही, कारण इथं शेजार तेलुगू. आमच्या भिंतीला भिंत लावून एक तेलुगू कुटुंब राहत असे. तिथल्या बाईंना आम्ही सगळे अम्मा म्हणायचो. आईची आणि त्यांची तीस वर्षांची मैत्री. अम्मांच्या घरात आषाढ म्हणजे पूर्ण महिना, एक दिवस कमी नाही. न पाळल्यामुळे कुणाच्या घरात काय झालं याच्या हकिकती त्यांच्याकडे साठवलेल्या होत्या, आणि त्या प्रत्येक हकिकतीत शेवटी मुलगाच जायचा. एकुलता एक मुलगा असलेल्या विधवेला आणखी काय सांगावं लागतं?

मी आईला दोष देत नाही. ती माझ्या जिवाला भ्याली होती. दोष द्यायचा तर मला द्यावा. बायकोचा भाऊ मुराळी म्हणून तिला न्यायला आला त्या दिवशी सकाळी ट्रंक भरता भरता तिनं मला विचारलं, मी नाही गेले तर चालणार नाही का. आईला नाही म्हणणं तिच्या हातात नव्हतं, माझ्या होतं. सगळे शहाणे लोक सांगत होते की या दिवसांत बाईमाणसाला सरहद्दीपलीकडे पाठवू नका. मी म्हणालो, एका महिन्याचा तर प्रश्न आहे. नामपल्ली स्टेशनवर गाडीत बसताना तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग खिडकीतून आईकडेच पाहत राहिली.

आषाढ संपायच्या आतच गाड्यांचं वेळापत्रक कोलमडलं. आज गाडी आहे, उद्या नाही, परवा अर्ध्या वाटेवरून परत. रोज नवी अफवा. सासऱ्यांचं पत्र आलं की मुलीला आता कुणाच्या सोबतीनं पाठवायची आमची छाती होत नाही, आपण स्वतः येऊन घेऊन जावं. साधं, रीतीला धरून पत्र. आषाढ सरला की सासरचं माणूस न्यायला येतं, त्यात नवीन काही नव्हतं. पण सरकारी नोकरानं त्या दिवसांत सरहद्द ओलांडायची म्हणजे पळून गेला असा अर्थ व्हायचा. नोकरी जायची, घरावर नजर राहायची. निदान आमच्या दफ्तरात तसं बोललं जाई.

तेव्हा मी माझ्या विद्येकडे वळलो. बायको आणायची तर नियमानं आणायची. रात्रंदिवस माझ्या डोक्यात तेच. पहिला मार्ग, तिच्या नावे मुलकी दाखला काढायचा, म्हणजे नाक्यावर तिला अडवायचं कुणाला कारण उरणार नाही. दुसरा, एखाद्या संस्थानी अधिकाऱ्याचं कुटुंब सोलापूरहून येणार असेल तर त्यांच्यातली म्हणून तिला आणायची. तिसरा, सरहद्दीवरच्या गावी आमचे दूरचे नातलग होते, त्यांच्या बैलगाडीतून शेतावाटे. पण तो बेकायदा, म्हणून मी तो कागदावर लिहूनच खोडला. हे सगळं मी तिला पत्रातून कळवत असे. श्रावणात पाच पत्रं पाठवली. अमुक नियमान्वये तमुक, सोबत अमुक जोडावे, तमुकची नक्कल धाडावी. चौथा मार्ग म्हणजे मी स्वतः जायचं. तो मला सुचलाच नाही, असं मी पुढं बरीच वर्षं सांगत आलो. सुचला होता.

दाखल्याचा अर्ज मी स्वतःच्या हातानं लिहिला आणि स्वतःच्याच दफ्तरात दाखल केला. आमचे मुन्सरिम साहेब, म्हणजे दफ्तराचे वरिष्ठ, साठीला टेकलेले, पांढरी दाढी, डोळ्यांवर जाड भिंगं. त्यांनी मला वर बोलावलं आणि अर्ज पुढ्यात ठेवला. अर्जात बायकोचं नाव सासरचं, मी तांदळात लिहिलेलं. सोबत पुरावा म्हणून जोडलेला सातवीचा दाखला माहेरच्या नावाचा. बापाच्या नावाखेरीज दोन्हींत एक अक्षर सारखं नव्हतं.

"ये तो दो औरतां हैं मियाँ," ते म्हणाले. "लाना कौनसी कू है?"

मी त्यांना आमची रीत समजावली. ते शांतपणे ऐकून घेत होते. तीस वर्षं त्यांनी हिंदू कारकुनांबरोबर काम केलं होतं, त्यांना ती ठाऊक असणारच, पण कागदाला ठाऊक नव्हती. मग कागदाची समजूत घालायला दोन साक्षीदार हवे झाले, दोघेही मुलकी, दोघेही लग्नाला हजर असलेले. आता लग्न लागलं सोलापुरात. मांडवात बसलेले सगळे गैरमुलकी, आणि वऱ्हाडातले आमच्या बाजूचे दोघे काका एव्हाना घरदार बंद करून स्वतःच सोलापूरला जाऊन बसले होते. अम्मांचे यजमान सही करायला तयार होते, पण ते लग्नाला आलेले नव्हते आणि खोटं लिहायची त्यांची तयारी नव्हती. आणि माझीही. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे लोक मला ऐकवायचे. आता मी ते स्वतःला ऐकवत होतो.

शेवटी साहेबांनीच वाट काढली. आमचं लग्न झाल्यावर त्यांच्या घरच्या बाई बुरखा घालून टांग्यातून आमच्याकडे आल्या होत्या, सुनेचं तोंड पाहायला. तिच्या हातात बांगड्या भरल्या होत्या आणि आईच्या हातचे बेसनाचे लाडू खाऊन गेल्या होत्या. साहेबांनी अर्जाखाली स्वतःच्या हातानं उर्दूत लिहिलं की अर्जदाराची बायको म्हणून या मुलीला माझ्या घरच्यांनी स्वतः पाहिलं आहे आणि तिला दोन नावं असली तरी मुलगी एकच आहे. खाली सही केली. सही वाळेपर्यंत ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, अशा वक्ताला बहूला पाठवलंच कायकू?

दाखला मी रजिस्टर टपालानं सोलापूरला धाडला, आणि त्या दिवशी मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. आता ती मुलकी झाली. आता तिला कोण अडवणार? आईलाही तसंच सांगितलं. तिनं देवापुढं साखर ठेवली.

उत्तर यायला बारा दिवस लागले. बायकोच्या मोत्यासारख्या अक्षरात अर्ध्या पानाचं पत्र. आईला वाचता येत नसल्यानं मीच मोठ्यानं वाचून दाखवलं. सोलापुरात त्या दिवसांत संस्थानातून आलेल्या माणसांची चौकशी चालू होती, हे तिकडून आलेल्या लोकांकडून आम्ही ऐकून होतोच. माझा दाखला पाहताच सासरे घाबरले होते. मुलगी इथली, आमची, असं ते सगळ्यांना सांगत होते, आणि तेवढ्यात तिच्या नावानं हैदराबादच्या सरकारचा शिक्का घरात आला. त्यांनी तो देव्हाऱ्यामागं लपवला. पुढं तिनं लिहिलं होतं, "आपल्या कागदानं मी इथली उरले नाही आणि तिथं पोचले नाही. आत्याबाईंना नमस्कार सांगावा."

मला राग आला. खरं सांगतो, रागच आला. एवढी खटपट केली, साहेबांसारख्या माणसाला भरीला घातलं, आणि वर हे? मी लगेच सहावं पत्र लिहायला बसलो, दाखला दाखवायचा तो नाक्याच्या या बाजूला, त्या बाजूला दाखवायचा नसतो, वगैरे. आई समोर बसली होती. ती म्हणाली, ते पुन्हा एकदा वाच. मी पुन्हा वाचलं. तिनं ऐकलं आणि उठून चुलीकडे गेली. कागदी घोडे नाचवून नाचवून माझे हात दुखत होते, आणि ज्या बाईला अक्षर येत नव्हतं तिला ते अर्धं पान माझ्याआधी वाचता आलं होतं.

दोन दिवसांनी मी दफ्तरातून घरी आलो तर दाराला कुलूप. किल्ली अम्मांकडे. अम्मांनी मला आत बोलावलं, पाणी दिलं, आणि सांगितलं की तुझी आई सकाळच्या गाडीनं सोलापूरला गेली. सून आणायला.

मला आधी कळेचना. माझी आई एकटी कधी कोठीच्याही पुढे गेली नव्हती. टांग्यात बसतानाही ती माझं मनगट धरायची. अम्मा म्हणाल्या, मी तिला नको म्हटलं, पण ती म्हणाली, पाठवलं मी, आणायचं पण मीच. सुनेला आणायला जाताना ओटीचं सामान न्यावं लागतं, आणि विधवेनं ओटी भरायची नाही. म्हणून आईनं नारळ, खण आणि हिरव्या बांगड्या अम्मांच्या हातून गाठोड्यात बांधून घेतल्या होत्या. हे सांगताना अम्मा रडत होत्या. आषाढाच्या सगळ्या हकिकती सांगितल्याचं त्यांना किती वाईट वाटत होतं, ते मला तेव्हा समजलं. मी त्यांच्यावर चिडलो नाही. मला चिडायला तोंडच नव्हतं.

आईचा प्रवास मला पुढे तिच्याच तोंडून कळला, आणि ती तो सांगायची तेव्हा फार मोठं काही केल्यासारखं सांगायची नाही. वाडी जंक्शनला गाडी बदलली. सरहद्दीच्या स्टेशनवर करोडगिरीचा माणूस डब्यात चढला आणि प्रत्येकाला विचारत सुटला, कुठं चाललात, का चाललात, कागद काय आहे. आईची पाळी आली.

"बहू कू लाने जारी मैं," आई म्हणाली.

त्यानं कागद मागितला.

"बहू मेरी है. कागज कायकू होना?"

त्यानं गाठोडं सोडायला लावलं. नारळ, खण, बांगड्या पाहिल्या. मग स्वतःच गाठोडं बांधून दिलं आणि खिडकीजवळ बसलेल्या एका माणसाला उठवून आईला तिथं बसवलं. आई म्हणायची, त्याला घरी आई असणार.

सासूला दारात पाहून सोलापूरच्या घरात काय झालं असेल ते मी पाहिलेलं नाही. विहिणीनं, तेही न कळवता, सुनेच्या माहेरी येऊन उभं राहावं हे कुणी ऐकलंय? आईचा बेत दुसऱ्याच दिवशी सून घेऊन परतायचा होता. सासऱ्यांनी हात जोडून थांबवलं, एक चांगली गाडी सुटू द्या म्हणाले. ती चांगली गाडी सुटलीच नाही. आधी गाड्या थांबल्या, मग आठवडाभरानं पोलीस अ‍ॅक्शन सुरू झाली, म्हणजे हिंदुस्थानची फौज संस्थानात शिरली.

असे माझ्या घरातले दोन्ही जीव परदेशी झाले, आणि मी एकटा मुलकी राहिलो. अम्मा दोन वेळा भात आणि पप्पू पाठवायच्या, म्हणजे आपलं वरण, ते खाऊन मी भिंतीतल्या कोनाड्यासमोर बसून राहायचो. इतर घरांसारखी पोथी नव्हती तिथं, आईला वाचता येत नव्हतं; बायकोनं वाचून दाखवलेल्या वर्तमानपत्रांची चळत होती. एका संध्याकाळी मी त्यातला एक जुना अंक काढून वाचायला लागलो आणि मला रडू फुटलं. पंचवीस वर्षांचा घोडा, भिंतीपलीकडे ऐकू जाईल म्हणून तोंडात पंचा कोंबून रडत होतो. बायकोखेरीज कुणाला हे कधी सांगितलं नाही.

पाच दिवसांत सगळं संपलं. संस्थान हिंदुस्थानात आलं. आमच्या गल्लीत लोकांनी मिठाई वाटली, मीही खाल्ली. पण दफ्तर उघडलं त्या दिवशी मुन्सरिम साहेब त्यांच्या खुर्चीवर असे बसले होते, जणू ती आपली आहे की नाही हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या गल्लीत मिठाई वाटली गेली नव्हती. मी रजेचा अर्ज पुढं केला. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. त्यांनी वाचला, आणि सही नेहमीसारखी सावकाश केली.

"जाव, बहू कू लेके आव," ते म्हणाले. "हमारी फिकर नक्को करो."

मी फिकीर केली, पण तेव्हा बोललो नाही. हे एक मला अजून लागून राहिलं आहे.

सोलापूरला पोचलो तर आई विहिणीबरोबर ओसरीवर वाल सोलत बसली होती, जणू जन्मभर तिथंच राहत होती. मला पाहून म्हणाली, आलास? रजा मिळाली का? ती हे चेष्टेनं म्हणाली, पण मी तिच्याकडे पाहू शकलो नाही. बायको पायांवर पाणी घालायला तांब्या घेऊन आली. वाळली होती. हातात हिरव्या बांगड्या होत्या, अम्मांनी बांधून दिलेल्या. आत्याबाई, ह्यांना चहा की आधी जेवण, असं तिनं माझ्या आईला विचारलं, मला नाही. दोघींनी मधल्या काळात आपलं एक घर मांडलं होतं आणि त्यात मी पाहुणा होतो.

दुपारी जेवणं झाल्यावर आईनं विहिणीला देवळात नेलं. ते मुद्दाम, हे मलाही कळलं. मागच्या ओट्यावर आम्ही दोघंच होतो. मी खिशातून कागद काढले. आता दाखला लागणार नाही, मुलकी-गैरमुलकीचे नियम राहतील की जातील याबद्दल दफ्तरात काय बोललं जातं, असं काहीबाही मी सांगत होतो. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आत्याबाई आल्या. तुम्ही का नाही आलात?"

मी म्हणालो, रजा मिळाली नसती. ती म्हणाली, मागितली होतीत? मी म्हणालो, सरकारी नोकराला त्या दिवसांत सरहद्द ओलांडायची म्हणजे... आणि तिथं माझं वाक्य थांबलं. ती पुढच्या शब्दाची वाट पाहत राहिली, आणि तिच्या डोळ्यांत राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"मला भीती वाटत होती," मी म्हणालो.

हे शब्द मी तेव्हा प्रथमच बोललो, आईशीही कधी बोललो नव्हतो. वाटेची भीती, नोकरीची भीती, लोक काय म्हणतील त्याची भीती, कशाकशाची सांगू. ती बांगड्या मागे-पुढे करत होती.

"मग तसं एका पत्रात लिहायचं होतंत," ती म्हणाली. "पाच पत्रं आली. प्रत्येकात नियम. मला वाटलं, तुम्हाला मी नकोय. नको म्हणायचं धैर्य नाही म्हणून कागद पाठवताय. मी आत्याबाईंना तसं विचारलंसुद्धा."

आई त्यावर काय म्हणाली होती, ते मी विचारलं. ती म्हणाली, त्या म्हणाल्या, माझा मुलगा भित्रा आहे, पण लबाड नाही.

माझी आई गेली त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. माझ्याबद्दल याहून खरं कुणी काही बोललेलं नाही.

चुकलं, म्हणालो. ती उठून आत गेली. मला वाटलं, संपलं. ती परत आली ती सासऱ्यांची दौत, टाक आणि शाळेच्या वहीतलं एक कोरं पान घेऊन. माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, आता लिहा. काय लिहू, मी विचारलं. जे श्रावणात लिहायला हवं होतं ते, ती म्हणाली, आणि माझ्याकडे पाठ करून ओट्याच्या कडेला बसली, म्हणजे मला लिहिता यावं.

हजारो अर्ज लिहिलेला माणूस मी. त्या एका पानाला मला तासभर लागला. शेवटी चार ओळी झाल्या. मी भ्यालो म्हणून आलो नाही. तू गेल्यावर घर मला खायला उठलं. तुझी वर्तमानपत्रं वाचून मी रडलो. तू नको आहेस असं माझ्या मनात एक क्षणही आलं नाही, तू घरी ये. कलमं नाहीत, सोबत जोडलेलं काही नाही. पान तिच्या हातात दिलं. तिनं ते एकदा वाचलं, मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं, आणि डोळे पुसले.

"सही राहिली," ती म्हणाली.

मी सही केली. तिनं पान फुंकर घालून वाळवलं, घडी करून ट्रंकेत तळाशी ठेवलं आणि उद्याच्या गाडीला पुरेल एवढी दशमी करायला आत गेली.